उणे सात ग्रॅम

समुद्रपूर तालुक्यातल्या मोहझरी गावच्या नळयोजनेच्या पंपाची स्लीव्ह विहित मुदतीत झिजली नाही. प्रकार गंभीर होता. तो पहिल्यांदा माझ्याच टेबलावर उघडकीस आला, त्यामुळे सांगण्याचा पहिला हक्कही माझाच. मी यंत्रांग झीज पडताळणी कक्षाचा वरिष्ठ लिपिक, आता निवृत्त. लोक मला अण्णाजी बाबू म्हणत. माघारी आणखीही काही म्हणत, पण त्याची आवक नोंद झालेली नाही.

स्लीव्ह म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर लाजू नका. आमच्या साहेबांनाही रुजू झाल्यावर दीड वर्ष ठाऊक नव्हतं. पंपाचा जो दांडा गरगर फिरतो, त्यावर धातूची वीतभर नळी चढवलेली असते. रेती, गाळ, घर्षण, सगळा मार ती खाते आणि दांडा वाचवते. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेचं जे काम, तेच पंपात स्लीव्हचं. ती झिजली की पंप पाणी वर फेकायचं सोडून जागच्या जागी गळायला लागतो आणि गावाचे नळ कोरडे पडतात.

मोहझरीची विहीर नाल्याकाठची, पाण्यात रेती फार. तीन महिने झाले की स्लीव्ह गेलीच समजा. नवी मिळायला आमच्या कक्षात आठ दिवस लागत आणि बाजारची बसवायला मनाई होती, कारण आमची पद्धत पक्की होती: जुनं आणा, नवं न्या. जुनी स्लीव्ह सोनाराच्या काट्यावर तोलायची, नवी देताना वहीत लिहिलेल्या वजनातून ते वजा करायचं, आणि अठरा ग्रॅम झीज भरली तर नवी द्यायची. कमी भरली तर 'अजून झिजवावी' असा शेरा मारून परत. जास्त भरली तर चौकशी. माझ्या खुर्चीमागे पाटीच होती, 'झीज हाच कामाचा पुरावा'. ती मी स्वतः रंगवून घेतली होती आणि मला तिचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

त्या आठ दिवसांत मोहझरीच्या बाया डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन नाल्यावर जात. वर्षातून चार वेळा आठ दिवस. सुलोचनाबाई सरपंच झाल्या आणि त्यांनी भर ग्रामसभेत सांगून टाकलं, "आजपासून या गावची एकही बाई गुंड घेऊन नाल्यावर जानार नाई. गेली तं मी खुर्ची सोडीन." अशी वाक्यं बोलण्यापूर्वी माणसाने संबंधित कार्यालयाचा अभिप्राय घ्यावा. त्यांनी घेतला नाही. त्या थेट कवडूभाऊंकडे गेल्या.

कवडूभाऊंचा प्लेटिंगचा कारखाना वर्ध्याहून सावंगीकडे जाताना डाव्या हाताला, टिनाच्या शेडमध्ये. कारखाना म्हणजे तीन टाक्या, वीज सोडायचा एक रेक्टिफायर आणि स्वतः कवडूभाऊ. मोटरसायकलचे सायलेन्सर, दवाखान्यातल्या खाटांचे दांडे, देवळातल्या घंटा, काहीही आणा, चकाचक करून देत. त्यांची मुलगी काजल रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन संशोधन करत होती. तिच्या विषयाचं नाव इतकं लांब की फॉर्मवर दोन ओळी लागल्या. बापाने त्याचं भाषांतर केलं होतं, "निकेलमंधी पावडर कोंबनं."

भाषांतर तसं चूक नव्हतं. नेहमीच्या प्लेटिंगमध्ये वस्तू निकेलच्या द्रावणात टांगतात, वीज सोडतात आणि निकेलचा थर तिच्यावर चढतो. काजल त्याच द्रावणात सिलिकॉन कार्बाइडची मैद्यासारखी बारीक पूड टाकायची. ही पूड इतकी कठीण की कानशीला दाद देत नाही. थर चढता चढता पूड त्यात अडकत जाते, रोडग्यात ओवा अडकतो तशी, आणि मग तो थर रेतीलाही जुमानत नाही. अडचण एकच. पूड टाकीच्या तळाला बसते. हळू ढवळलं तर बसून राहते, जोरात ढवळलं तर थरावरून धुऊन जाते. विद्यापीठात त्यासाठी परदेशी यंत्र होतं, पण ते एका सुट्या भागाची वाट पाहत दोन वर्षं बंद होतं. कवडूभाऊंनी शिलाई मशीनच्या मोटरला ताक घुसळायची रई बांधली आणि काम भागवलं.

पहिल्या दोन नळ्या एका अंगाने गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाने रवाळ निघाल्या. तिसरी, आमच्या कक्षातून मिळालेली, निघाली राखाडी, न चमकणारी, दिसायला अगदी गरीब. कवडूभाऊंनी तिच्यावर नवी कानस घासली. कानशीचे दात गेले, नळी होती तशीच. ती त्यांनी फडक्याने पुसली. मग सुलोचनाबाईंना म्हणाले, "तीस वर्सं चमकवाचं काम केलं, ताई. टिकाचं काम आज पह्यल्यांदा केलं."

पंपचालक रूपराव यांनी ती बसवली. पंप तीन महिने एक दिवसही गळला नाही. नाल्याची वाट गवताने भरली. बाया सुलोचनाबाईंचं नाव घेऊ लागल्या, आणि सुलोचनाबाई कवडूभाऊंचं. आमच्या कक्षाचं नाव कोणीच घेत नव्हतं, इथेच काहीतरी चुकतंय हे ओळखायला हवं होतं.

तिमाही संपली. नियमाप्रमाणे रूपराव स्लीव्ह काढून, तिच्या जागी पहिल्या दोनपैकी एक नळी तात्पुरती चढवून (हे मला नंतर कळलं), ती फडक्यात गुंडाळून, एस.टी.ने माझ्यापुढे हजर झाले. मी ती काट्यावर ठेवली. चष्मा पुसला. पुन्हा ठेवली.

"रूपरावजी, ही वजनाने वाढली."

"हो जी?"

"सात ग्रॅमने."

"लेप देल्ला ना जी तिच्यावर. कवडूभाऊनं. त्याचं वजन अशीन."

"म्हणजे झीज किती लिहू?"

"झिजलीच नाई जी."

"झिजली नाही ते एक वेळ समजू शकतो," मी म्हणालो. "पण ही उणे झिजली."

माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत झीज रकान्यात कधी उणे चिन्ह आलं नव्हतं. मी ते पट्टी लावून काढलं, खोटं कशाला सांगू. उणे सात ग्रॅम. शाई वाळेपर्यंत थांबलो आणि फाईल धनंजय साहेबांकडे नेली.

साहेब तरुण, हुशार, गणितात पक्के. कक्षाचं सूत्र त्यांना तोंडपाठ होतं: एक ग्रॅम झीज म्हणजे पंप पन्नास तास चालला. अठरा ग्रॅम म्हणजे नऊशे तास, म्हणजे एक तिमाही, म्हणजे गावाला पाणी मिळालं. गावात न जाता पाणी मोजण्याची ही पद्धत इतकी सोपी होती की दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक ती पाहायला यायचे. साहेबांनी उणे साताला पन्नासने गुणलं.

"उणे साडेतीनशे तास," ते म्हणाले. "अण्णाजी, पंप उणे साडेतीनशे तास चाललाय."

"उणे म्हणजे, साहेब?"

"उलटा. पंप उलटा चालला तर पाणी कुठून कुठे जातं?"

"गावातून विहिरीत."

"तासाला वीस हजार लिटर. करा हिशोब."

मी केला. मोहझरी गावाने तीन महिन्यांत सत्तर लाख लिटर पाणी विहिरीला परत केलं होतं. मी गुणाकार पुन्हा तपासला. शासनाला कोणी काही परत करतं, ही भावनाच नवी होती. पण भावना बाजूला ठेवून मी त्याच दिवशी पत्र काढलं: 'आपल्या ग्रामपंचायतीकडे सत्तर लाख लिटर अतिरिक्त पाणी कोठून आले, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

सुलोचनाबाई खुलासा घेऊन स्वतःच आल्या. खुलासा तोंडी होता.

"बाबू, तुमचं डोस्कं जाग्यावर हाय ना? पंप सारका चालून राह्यला. चोवीस तास म्हना तं चोवीस तास. या, नळ उघडून पाहा."

स्थळपाहणीची आमच्याकडे तरतूद नव्हती. पण बाईंचा आवाज बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत गेला होता, त्यामुळे साहेबांनी विशेष बाब म्हणून जीप काढली. मोहझरीत पंचांसमक्ष एक नळ उघडला. पाणी इतक्या जोरात आलं की साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. साहेबांनी दोन पेले पाणी पिऊन तिथेच निष्कर्ष लिहून घेतला. एक, नळाला मुबलक पाणी आहे, हे प्रत्यक्ष पाहिलं. दोन, पंप सरळ चाललेला नाही, हे वजनाने सिद्ध आहे. तीन, सबब मोहझरीत पंपाशिवाय पाणी येतं.

"म्हंजे?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"अभिनंदन," साहेब म्हणाले.

पंधरा दिवसांत मोहझरीला 'स्वयंभू जलसमृद्ध गाव' म्हणून गौरवण्यात आलं. सुलोचनाबाईंना शाल, श्रीफळ आणि नळाच्या आकाराचं स्मृतिचिन्ह मिळालं. भाषणं झाली. एका वक्त्याने तर मोहझरीच्या मातीतच पाणी आहे, असं म्हणून डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या गावाला पंपाची गरज नाही तिथली वीजजोडणी गरजू गावाकडे वळवावी, या तत्त्वाने पंपाची लाईन कापली आणि पंपघराला सील लागलं. स्लीव्ह आमच्याकडेच होती, ती 'आक्षेपार्ह वस्तू' म्हणून जप्त झाली. रूपरावांना घरी बसवण्यात आलं, कारण चालवायला पंपच नव्हता.

दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली. संध्याकाळी बाया गुंड घेऊन नाल्याच्या वाटेवर. गवत वाढलेलं, त्यात आनंदाबाई नावाची म्हातारी पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. गावाने सुलोचनाबाईंना नळाच्या आकाराचं ते चिन्ह दाखवून काय काय विचारलं, ते मी इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी बाई कार्यालयात आल्या. या वेळी आवाज खाली होता, आणि खरं सांगतो, मला तो वरचाच बरा वाटला होता. त्यांनी शाल माझ्या टेबलावर ठेवली.

"हे घ्या तुमचं. लाईन द्या."

"शाल परत घेण्याचा नमुना नाही, ताई."

"बाबू, आनंदाबाईचा हात मोडला. मी शब्द देल्ला होता गावाले. काय करू ते सांगा, मी करतो."

मला वाईट वाटलं. मी काही दगड नाही. मी उठून कपाटातून परिपत्रकांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यासाठी वाट शोधून दिली, जे माझं कामही नव्हतं. वाट अशी: मोहझरीला पंपाची गरज आहे हे सिद्ध करायचं तर पंप चालल्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे झीज. अठरा ग्रॅम झिजलेली एक स्लीव्ह जमा करा, गाव समृद्धीतून वगळलं जाईल.

"पन पंपाले तं सील हाय. चालन कसा? झिजन कशी?"

"ते तांत्रिक आहे," मी म्हणालो. "आमचा विभाग फक्त वजनाचा."

जप्त स्लीव्ह घासण्यासाठी एक दिवस परत द्यावी, असा अर्ज रूपरावांनी केला. साहेब दयाळू, त्यांनी कार्यालयातच घासायची परवानगी दिली. रूपराव सकाळपासून घासत बसले. संध्याकाळी तीन कानशी गुळगुळीत झाल्या आणि स्लीव्ह एका मिलिग्रॅमनेही हलली नाही. त्यांनी तिन्ही कानशी काट्यावर ठेवल्या.

"हे पाहा जी. झीज तं झाली. कानशीची घ्या."

"कानस पंपात नसते, रूपरावजी."

शेवटी सुलोचनाबाई पुन्हा सावंगी रोडला गेल्या. पुढचा संवाद मला रूपरावांनी सांगितला, ते सोबत होते. कवडूभाऊ टाकीपाशी बसून मोहझरीसाठी दुसरी स्लीव्ह करत होते. रई फिरत होती. बाईंनी सगळं सांगितलं. कवडूभाऊंनी मोटर बंद केली आणि पूड हळूहळू तळाला बसू लागली.

"म्हंजे टिकली म्हून पानी बंद झालं?" त्यांनी विचारलं.

"हो, भाऊ."

"मंग आता मी काय करू? खराब करून देऊ?"

"तुमची कला मोठी हाय, मी नाई म्हनत नाई. पन लेकराइले प्याले पानी पायजे. आज पायजे."

कवडूभाऊ उठून बाहेर गेले, बिडी ओढली, परत आले. काजल एका कोपऱ्यात प्रबंधाचे कागद घेऊन बसली होती. तीच म्हणाली, "बाबा, तारा उलट्या लावल्या तर?"

प्लेटिंगमध्ये वस्तूला उणे तार लावतात, म्हणून धातू तिच्यावर चढतो. अधिक तार लावली की वस्तूचाच धातू सुटून द्रावणात उतरू लागतो. किती अँपिअर, किती मिनिटं, म्हणजे किती ग्रॅम, याचं शास्त्र पक्कं आहे. काजलने कागदाच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली. बाजारातून नवी कोरी, साधी स्लीव्ह आणली. वेगळ्या टाकीत टांगली. तारा उलट्या. पाऊण तास.

पंपाचं तोंडही न पाहिलेली ती स्लीव्ह माझ्या काट्यावर आली तेव्हा वहीतल्या वजनापेक्षा बरोबर अठरा ग्रॅमने कमी भरली. अठराला एक कण इकडे नाही, एक कण तिकडे नाही. सगळीकडून सारखी झिजलेली, ओरखडा म्हणून नाही. एकतीस वर्षांत इतकी सुंदर झीज मी पाहिली नव्हती. साहेबांनी ती आदर्श नमुना म्हणून काचेच्या पेटीत ठेवली, शेरा मारला, 'पंप नियमित चालल्याचे सिद्ध', आणि बंद पंप नियमित चालल्यामुळे तो सुरू करण्याची मंजुरी दिली. यापुढे कोणत्याही भागावर कोणताही टिकाऊ लेप लावणार नाही, असं हमीपत्र सुलोचनाबाईंनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

मोहझरीला पाणी आलं. आता तिथे तीन महिने पाणी असतं, मग साधी स्लीव्ह जाते, मग आठ दिवस नसतं, मग परत असतं. सुलोचनाबाईंनी बोलल्याप्रमाणे खुर्ची सोडली. त्या आठ दिवसांत पहिला गुंड त्या स्वतःच्या डोक्यावर घेतात आणि पुढे चालतात, असं रूपराव सांगतात.

कवडूभाऊंचं मात्र बस्तान बसलं. मोहझरीची अठरा ग्रॅम झीज तालुक्यात गाजली आणि ज्या गावांचे पंप वर्षानुवर्षं चाललेच नव्हते, ती गावं नव्या कोऱ्या स्लीव्ह पिशवीत घालून त्यांच्या दारात उभी राहिली. झीज हवी, घाईने हवी, नेमकी हवी. आता तिन्ही टाक्यांच्या तारा उलट्या लागलेल्या असतात. कागदोपत्री आख्ख्या तालुक्यात पाणी खळखळतंय आणि आमच्या कक्षाला पहिला क्रमांक मिळाला. काजलने प्रबंध पूर्ण केला, आता पुण्याला असते. कवडूभाऊ पहिल्यापेक्षा कमी बोलतात. परवा गेलो होतो तर रई खिळ्याला टांगलेली होती. मी विचारलं, "कसं चाललंय?" म्हणाले, "झिजून राह्यलो, बाबू. तुमच्या नियमात बसते."

आता जप्त स्लीव्हचं काय झालं, हा प्रश्न राहतो. निवृत्तीच्या वेळी कक्षातल्या निकामी वस्तू लिलावात निघाल्या. न झिजणारी वस्तू आमच्या व्याख्येत निकामीच. माझ्या घरच्या विहिरीवर नेमका त्याच मापाचा पंप आहे, हा निव्वळ योगायोग. चार वर्षं झाली, थेंबभर गळत नाही. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, पाणी गेलं की सगळे बादल्या घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी कोणालाही नाही म्हणत नाही. बादल्या भरेपर्यंत मी त्यांना ही हकीकत सांगतो.

आजवर वीसेक जणांनी ऐकली असेल. सगळे ऐकताना हळहळतात. आनंदाबाईच्या मनगटाशी आले की बाया पदर डोळ्याला लावतात, पुरुष व्यवस्थेला शिव्या देतात. मग बादली उचलताना प्रत्येक जण आवाज खाली करून विचारतो, कवडूभाऊंचं दुकान नेमकं कुठे, आणि ओळखीने एखादी न झिजणारी करून देतील का. मोहझरी कुठल्या वाटेला लागते, हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही मात्र पत्ता विचारायची गरज नाही. मी तो वर लिहून ठेवला होता, आणि तुम्ही तो बरोबर लक्षात ठेवला असेल.